पॅलेट, लाकडी : कच्च्या मालाचा उतारा

मालाची थप्पी फोर्कलिफ्टने उचलता यावी म्हणून फळ्या व ठोकळे ठोकून केलेली बैठक. सोलापूरचे टेरी टॉवेल किंवा डाळिंबे लाकडी पॅलेटवर परदेशी पाठवताना आयएसपीएम १५ नियमानुसार लाकूड सहसा गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवून त्यावर शिक्का मारतात. खर्चाचा खरा हिशेब मात्र करवतीवरच ठरतो. ओंडका वाकडा, गाठाळ वा चिरलेला असला की उतारा घटतो. १०० घनफुटांतून ६० ऐवजी ५० घनफूट फळ्या निघाल्या, तर त्याच भावाच्या ओंडक्यातली फळी २० टक्क्यांनी महागते. बाभूळ मजबूत, पण बहुधा आखूड व वाकडी. तिचे ठोकळे करणेच शहाणपणाचे. ओले लाकूड वाळताना आकसते, खिळे सैल होतात आणि भट्टीला जळणही जास्त लागते.