गालिबची टपाली शिकवणी

खासगी क्लासची पाटी नाही असा चौक आता शोधावा लागतो. फी भरली की पालकांच्या मोबाइलवर संदेश येतो, चाचणीचे गुण येतात, सुट्टीची सूचना येते. संदेश उदंड, पण मुलाचे नेमके कुठे अडते, हे त्यांत क्वचितच सापडते. सापडले तरी फार जपून लिहिलेले असते, कारण पैसे देणाऱ्याला दुखवायचे कसे? ही अडचण आजची नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी दिल्लीच्या बल्लीमारान भागात राहणाऱ्या एका शिक्षकालाही ती होती. त्यांचे नाव मिर्झा असदुल्ला खान गालिब.

गालिब शायर म्हणून सगळ्यांना ठाऊक आहेत. ते शिकवणीही घेत, हे आपण विसरतो. उर्दू-फार्सी कवितेत उस्ताद-शागीर्दाची रीत होती. शागीर्दाने गझल लिहून, ओळींमध्ये जागा सोडून उस्तादाकडे द्यायची. उस्ताद एखादा शब्द खोडून वर दुसरा लिही, एखादा शेर साफ काढून टाकी आणि पसंत पडलेल्या शेरापुढे ‘साद’ या अक्षराची खूण करी. या दुरुस्तीला ‘इस्लाह’ म्हणतात. मी मराठीत लिहितो, पण घरात उर्दू असल्याने हा शब्द लहानपणापासून कानावर होता. मराठीत सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून नव्या मुलांना पत्रांतून वळण लावले, ते याच घराण्यातले काम.

गालिब नोकरीचे गृहस्थ नव्हते. 1842च्या सुमारास दिल्ली कॉलेजात फार्सी शिकवण्यासाठी त्यांना बोलावले, तेव्हा साहेब स्वागताला दारापर्यंत आले नाहीत म्हणून ते पालखीतूनच परत फिरले, अशी गोष्ट सांगतात. पुढे 1854मध्ये जौक वारल्यावर बादशहा बहादूरशहा जफर यांचे उस्तादपद त्यांच्याकडे आले. ते तीन वर्षेच टिकले. 1857 आले, दरबार बुडाला, वंशपरंपरेचे साडेबासष्ट रुपयांचे मासिक पेन्शन थांबले, ते 1860पर्यंत. दिल्लीतले मित्र कोणी मेले, कोणी परागंदा झाले. उरले ते दूरगावचे शागीर्द आणि टपाल.

हे टपालही तसे नवे होते. 1854मध्ये देशभर एकच दर लागू झाला: पाव तोळ्याच्या आतले पत्र अर्ध्या आण्यात कुठेही. गालिबना मात्र बैरंग, म्हणजे आपण ज्याला नॉटपेड म्हणायचो, ते पत्र अधिक भरवशाचे वाटे. पैसे वसूल करायचे असल्याने टपालखाते ते हरवू देणार नाही, असा हिशेब! शागीर्दांतले एक मियाँदाद खान ‘सय्याह’ मूळचे औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे. पुढे ते सुरतेत राहिले. दिल्लीचा उस्ताद आणि सुरतेचा शागीर्द ही गोष्ट टपालाशिवाय कशी जमली असती?

सर्वांत जवळचे शागीर्द सिकंदराबादचे मुन्शी हरगोपाल ‘तफ्ता’. (हे सिकंदराबाद बुलंदशहराजवळचे.) गालिब त्यांना प्रेमाने ‘मिर्झा तफ्ता’ म्हणत. त्यांना लिहिलेली शंभरावर पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत शिक्षकाचा खरा हात दिसतो. ते नुसते ‘चूक’ म्हणून सोडत नाहीत. हा शब्द इराणी लोक असा वापरत नाहीत, ही रचना अमक्या अर्थाला पेलत नाही, असे कारण देतात. त्यातच दिल्लीच्या पावसाची खबर, उधारीची रड आणि थट्टाही येते. पत्राला आपण समोरासमोरचे बोलणे करून टाकले, असा त्यांचा दावा होता, आणि तो खराच आहे. हलाखीच्या दिवसांत तफ्तांनी शंभर रुपयांची हुंडी पाठवली, तेव्हा उस्तादांनी त्यातले किती कुठे गेले याचा हिशेब शागीर्दाला कळवला. पैसे घेऊनही त्यांचे खोडणे कमी झाले नाही.

पण सगळे ग्राहक तफ्ता नसतात. रामपूरचे नवाब यूसुफ अली खान 1857मध्ये शागीर्द झाले आणि जुलै 1859पासून गालिबना दरमहा शंभर रुपये मिळू लागले. रामपूरची पत्रे इम्तियाज अली अर्शी यांनी 1937मध्ये छापली. ती वाचताना जीव गुदमरतो. कितीतरी पत्रे म्हणजे हुंडी पोहोचल्याची पावती आणि दुवा. 1865मध्ये कल्बे अली खान गादीवर आले. त्यांनी पाठवलेल्या फार्सी मजकुरात गालिबनी एक शब्दप्रयोग बदलला. नवाबांनी कोशांचे दाखले काढून आपलेच बरोबर म्हटले. हिंदुस्थानी कोशकारांच्या फार्सीवर गालिबचा मुळीच विश्वास नव्हता. त्यावरून त्यांनी 1862मध्ये एक पुस्तकच छापून वाद ओढवून घेतला होता. इथेही त्यांनी तसेच रोखठोक लिहिले. नवाबांची नाराजी कळली, आणि म्हाताऱ्याने माफी मागून विषय मिटवला.

काही अभ्यासकांना ही माफी लाचारी वाटते. मला वाटत नाही. बायको, सांभाळलेली दोन मुले, नोकरचाकर हे सारे त्या शंभरांवर होते. कॉलेजच्या दारातून परतणारा माणूस तोच होता, पण तेव्हा त्याच्या मागे बादशहाची दिल्ली उभी होती. आणि दोष एकट्या उस्तादाचा कसा? चूक ऐकून घेण्याची तयारी शागीर्दाकडेही लागते. तफ्तांकडे ती होती, म्हणून त्यांना खरी इस्लाह मिळाली. नवाबांच्या वाट्याला पावत्या आणि दुवा आल्या.

शेवटी गालिबचे हात थरथरू लागले, ऐकू येईनासे झाले. आता गझला पाठवू नका, उत्तराची अपेक्षा धरू नका, असे त्यांनी वर्तमानपत्रांतून कळवले. तरी पाकिटे येतच राहिली. पडल्या पडल्या ते कुणाकडून तरी उत्तरे लिहवून घेत. 15 फेब्रुवारी 1869 रोजी ते गेले. शागीर्द हाली यांनी नोंदवले आहे की, आदल्या दिवशी ते भेटायला गेले, तेव्हा कित्येक तासांच्या बेशुद्धीतून गालिब जरा सावरले होते आणि लोहारूच्या अलाउद्दीन खानांनी प्रकृतीची चौकशी केली होती, त्या पत्राचे उत्तर सांगत होते.