पैनगंगेच्या दक्षिण तीरावर
हिंगोली जिल्ह्याची भूमी, माणसे आणि शाळा

समुद्रकिनाऱ्यावर वसलेल्या आपल्या कुटुंबांच्या मनातला महाराष्ट्राचा नकाशा बहुधा सह्याद्रीपाशीच संपतो. घाटापलीकडच्या मराठवाड्याविषयी आपण बोलतो ते दुष्काळाच्या बातमीपुरते. आणि त्याच्या ईशान्य टोकाला असलेला हिंगोली जिल्हा तर आपल्या बोलण्यात क्वचितच येतो. जिल्ह्याला ‘मागास’ म्हणून मोकळे होणे सोपे असते. परंतु कोणताही प्रदेश आपोआप मागे राहत नाही. त्यामागे इतिहास असतो. तो इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम भूमीचा परिचय करून घेऊ. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके, आणि क्षेत्रफळ सुमारे साडेचार हजार चौरस किलोमीटर. उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. मध्यातून कयाधू जाऊन तिला मिळते. दक्षिण भागातून पूर्णा गोदावरीकडे जाते. पूर्णेवर सिद्धेश्वरचे आणि पैनगंगेवर इसापूरचे धरण आहे. काळ्या जमिनीत पूर्वी ज्वारी-कापूस अधिक होता. आज सोयाबीन आणि हळदीने शिवार व्यापले आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही लाभले.

जिल्ह्याच्या इतिहासाची किल्ली आमच्या मते पैनगंगेच्या पात्रात आहे. एकोणिसाव्या शतकात हिंगोली हे निजामाच्या राज्यातील मोठे लष्करी ठाणे होते. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाच्या फौजेची छावणी १८१९ पासून १९०३ पर्यंत येथे होती. या फौजेचा खर्च निजामावर होता. तो थकत गेला आणि अखेर १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावे लागले. पैनगंगेचा उत्तर तीर इंग्रजी अंमलाखाली गेला, दक्षिण तीर निजामाकडेच राहिला. ज्या फौजेच्या खर्चापायी ही ताटातूट झाली, तिचे एक प्रमुख ठाणे हिंगोलीतच असावे, हा इतिहासाचा केवढा विपर्यास! दोन्ही तीरांवर भाषा एक, पीक एक, सोयरिकी एकमेकांत. पण राज्ये दोन झाली.

राज्ये दोन झाली म्हणजे शाळाही दोन तऱ्हेच्या झाल्या. हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा धाडसी प्रयोग केला, याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. मात्र ज्या घरात मराठी बोलली जाई, त्या घरातील मुलाला त्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच परक्या भाषेचा डोंगर चढावा लागे. खाजगी शाळा काढावयाची तरी सरकारची परवानगी हवी. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६९ साली सेंट झेवियर्स महाविद्यालय सुरू झाले. मराठवाडा मात्र १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला आणि त्याचे स्वतःचे विद्यापीठ १९५८ साली औरंगाबादेस उभे राहिले. मुंबई आणि मराठवाडा यांच्या विद्यापीठांत एकशे एक वर्षांचे अंतर आहे. म्हणजे चार पिढ्यांचे. हिंगोलीची महाविद्यालये ज्याच्या कक्षेत येतात, ते नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ तर १९९४ चे.

येथे बुद्धीची वाण होती असे मात्र कोणी समजू नये. परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे. शिंप्याच्या घरात जन्मलेल्या या संताची एकसष्ट पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली आहेत. अगदी अलीकडचे उदाहरण नानाजी देशमुखांचे. त्यांचा जन्म १९१६ साली कडोळी या गावी झाला. त्यांच्या राजकीय मतांविषयी मतभेद असू शकतील. पण शिक्षणासाठी त्यांना राजस्थानातील सीकर, पिलानीपर्यंत जावे लागले, आणि पुढे १९९१ साली त्यांनी ग्रामोदय विद्यापीठ स्थापिले तेही दूर चित्रकूटला. २०१९ साली त्यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ मिळाले. गुणवान मुलाने गाव सोडावे आणि त्याच्या गुणांचे फळ अन्यत्र पिकावे, ही या भूमीची जुनी कहाणी आहे.

आता लोकसंख्येकडे वळू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ भरली. शंभरांपैकी सुमारे पंचाऐंशी माणसे खेड्यांत राहतात. चौरस किलोमीटरमागे वस्ती अडीचशेच्या आसपास. मुंबई उपनगरात हाच आकडा वीस हजारांच्या वर होता. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ९४२. मराठीबरोबर उर्दू आणि बंजारा तांड्यांतील गोरमाटी बोली येथे ऐकू येते. कळमनुरी-औंढ्याच्या डोंगराळ पट्ट्यात आंध आदिवासी आहेत. बौद्ध समाजाचे प्रमाणही लक्षणीय आहे. साक्षरता ७८.१७ टक्के नोंदली गेली. राज्याची त्या वेळी ८२.३४ होती. चार पिढ्यांचे अंतर साठ-बासष्ट वर्षांत चार टक्क्यांवर आले, ही गावोगावच्या शिक्षकांची आणि अर्धपोटी राहून मुलांना शाळेत धाडणाऱ्या आईबापांची कमाई आहे. तरी स्त्रियांची साक्षरता पुरुषांपेक्षा बरीच मागे आहे, आणि ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाबरोबर शाळकरी मूलही फडावर जाते, हे विसरून चालणार नाही.

या विरळ वस्तीलाच आता एक वेगळे मोल आले आहे. औंढा तालुक्यात दुधाळा गावाजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. अशा यंत्राला निश्चल भूमी लागते. रेल्वे, कारखाने, एवढेच नव्हे तर समुद्राच्या लाटांचे हादरेही त्याला बाधतात. आपल्या किनाऱ्यापाशी जे नाही, ते हिंगोलीपाशी आहे.

पण या वेधशाळेच्या आत औंढ्या-सेनगावची मुलगी शास्त्रज्ञ म्हणून काम करील, की कुंपणाबाहेर उभी राहून पाहील? याचे उत्तर यंत्र देणार नाही. दुधाळ्याच्या आसपासच्या प्राथमिक शाळांत गणित आणि विज्ञान कसे शिकवले जाते, त्यावर ते ठरेल. आपल्या किनाऱ्याला शाळा आधी मिळाल्या, त्यात आपल्या कर्तृत्वापेक्षा इतिहासाच्या अनुकूलतेचा वाटा मोठा होता. तेव्हा हिंगोलीहून आलेला एखादा विद्यार्थी आपल्या शहरात, आपल्या महाविद्यालयात भेटला, तर ‘मागास भागातला’ हा शब्द ओठांवर येण्यापूर्वी त्याने केवढे अंतर तोडले आहे, ते आपण ध्यानात घ्यावे.