गायकी कुणाची?

आमच्या रहिमतपूरचे वसंत कानेटकर. त्यांच्या ‘मत्स्यगंधा’ला १९६४ मध्ये जितेंद्र अभिषेकींनी चाली दिल्या आणि मरगळलेलं नाट्यसंगीत पुन्हा उभं राहिलं. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’चं संगीतही अभिषेकींचंच, त्यातले खाँसाहेब गाऊन उभे केले वसंतराव देशपांडेंनी. २०१५ मध्ये त्यावर चित्रपट आला. जुन्या पदांना नवा साज चढवला शंकर-एहसान-लॉय यांनी. त्यांतले एहसान नूरानी रॉक आणि ब्लूजमध्ये रमणारे गिटारवादक. वसंतरावांचे नातू राहुलही त्यात गायले.

‘मूळची सर नाही,’ असं म्हणणारे मला भेटतात. नसेलही. पण घराण्याची गायकी परक्याला द्यावी का, हाच तर ‘कट्यार’मधला झगडा! ब्राह्मण गायकाचा खाँसाहेब आणि मुसलमानाची गिटार, दोन्ही मराठी रसिकांनी आपली मानली. मला तेच उत्तर वाटतं.