असोद्याचा मतदार सभासद कसा झाला

जळगाव महानगरपालिकेची महासभा भरते तेव्हा शहरातला नागरिक फार तर प्रेक्षक गॅलरीत बसू शकतो. त्याच्या गल्लीतली गटार तुंबली असली तरी विषय मांडायचा नगरसेवकाने. शहराच्या अगदी जवळ असलेल्या असोद्यात कायदा वेगळा आहे. तिथे मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद आहे. सरपंचाला खर्चाचा हिशेब विचारायला त्याला कुणाची मध्यस्थी लागत नाही.

शहरापेक्षा खेड्याच्या हाती जास्त हक्क आला कसा? याचं ठरीव उत्तर असं, की ग्रामसभा प्राचीन. इंग्रजांनी ती मोडली आणि स्वातंत्र्याने परत दिली. जुने कागद आणि जुने कायदे चाळले की हे उत्तर टिकत नाही.

मराठेशाहीत वतनाचा किंवा शिवेचा तंटा गोतसभेपुढे जाई. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार जमत. साक्षीपुरावा होऊन जो कागद तयार होई, तो महजर. लिहिता न येणाऱ्याची निशाणी त्यावर उमटे. पाटलाच्या नावापुढे नांगर, कारागिराच्या नावापुढे त्याच्या धंद्याचं हत्यार. शिवेच्या वादात महाराच्या साक्षीला मोठं वजन असे. इतक्या जातींची माणसं एका कागदावर दिसतात ती वतनामुळे. बाहेरून आलेल्या उपऱ्या कुळाला तिथे शब्द नव्हता, आणि बाई आलीच तर वतनाची वारस म्हणून. शिवाय गोतसभा तंटा तोडायला बसे. गावाचा पैसा कुठे गेला हे विचारायला कुणीही चालत यावं, अशी तिची रीत नव्हती.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि धुळ्यात कॅप्टन जॉन ब्रिग्ज कारभार पाहू लागला. पुढच्याच वर्षी दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन याने आपल्या अहवालात पंचायती राखाव्यात असं लिहिलं. मात्र रयतवारीत सरकारने प्रत्येक शेतकऱ्याशी वेगळा हिशेब मांडला, तंटे कोर्टात गेले आणि १८७४ च्या वतन कायद्याने पाटील-कुलकर्णी सरकारी चौकटीत बांधले गेले. चावडी राहिली, पण सारा भरण्यापुरती. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. त्यानंतरही नगरपालिका आणि लोकल बोर्डांत मत होतं ते कर भरणाऱ्या ऐपतदारांना. मुंबई इलाख्यात ग्रामपंचायतीचा कायदा आला १९२० मध्ये, आणि निवड गावातल्या प्रौढ पुरुषांच्या हाती राहिली.

पुढच्या दोन दशकांत खेडं राजकारणाच्या मध्यभागी आलं. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन याच जिल्ह्यात, फैजपूरला झालं. गांधीजींना खेड्यात स्वराज्याचा पाया दिसत होता. डॉ. आंबेडकरांना तिथे जातीची पकड दिसत होती. १९३२ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला होता, आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याच्या गोडव्यांवर सडकून टीका केली. त्याच महिन्यात के. संथानम यांच्या दुरुस्तीने पंचायतींचं कलम ४० संविधानात आलं. ते मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे कोर्टात मागता न येणाऱ्या भागात.

आजच्या ग्रामसभेत गांधीजी आणि आंबेडकर या दोघांचाही वाटा आहे. जागा गांधीजींच्या खेड्याची. तिथे बसण्याचा हक्क आंबेडकरांच्या संविधानातल्या प्रौढ मताधिकाराचा. जात, वतन, शिक्षण यांपैकी काहीही न विचारता केवळ मतदार म्हणून माणसाला आत घेणारी सभा गावाने त्याआधी पाहिली नव्हती. असोद्याचंच उदाहरण घ्या. कवयित्री बहिणाबाई चौधरी इथल्या लेक, जन्म १८८०. गावाच्या कारभारावर, माणसाच्या लोभावर त्यांच्याइतकं नेमकं बोलणारं दुसरं कोण होतं? पण त्यांच्या हयातीत गावच्या बाईला अधिकाराने बोलता येईल अशी सभाच नव्हती. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ मध्ये सुरू झाली आणि ३ डिसेंबरला बहिणाबाई गेल्या.

ग्रामसभेला महाराष्ट्रात आजची चौकट मिळाली ती १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने. तेव्हा वर्षातून दोन बैठका होत्या, त्यात जमाखर्च आणि पुढच्या वर्षाचा आराखडा. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभा थेट संविधानात गेली. २००३ च्या बदलाने प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा सक्तीची झाली, लाभार्थी निवडणं आणि योजना मंजूर करणं ग्रामसभेकडे आलं. शहरांसाठी २००९ मध्ये ‘क्षेत्र सभा’ची तरतूद झाली, ती बहुतेक ठिकाणी कागदावरच आहे. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हे असं: खेड्याला हक्क परंपरेने दिला नाही, गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या कायद्यांनी दिला.

हक्क बजावणाऱ्यांचा तुटवडा मात्र जगभर जुना आहे. अथेन्समध्ये बाजारात रेंगाळणाऱ्या नागरिकांना लाल रंगात भिजवलेल्या दोराने सभेकडे हाकत आणि पुढे तर हजेरीचा भत्ता सुरू झाला. काही ठिकाणी तर हक्कच उशिरा आला: स्वित्झर्लंडच्या आपेनझेल इनररोडनमध्ये आजही चौकात हात वर करून मतदान होतं. तिथे बायकांना हात वर करता यायला १९९१ उजाडलं, तेही कोर्टाच्या हुकमाने.

आपल्याकडे गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १००, यांतला कमी आकडा. म्हणजे सातशे मतदारांच्या पुढे गाव कितीही मोठं असो, शंभर माणसं पुरतात. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. गावाच्या नावावर मूठभरांचे ठराव होतात ते या वाटेने. ‘तिथे जाऊन काय करू, भो?’ असं म्हणत पारावर बसून राहणारा माणूस त्या मूठभरांना मोकळं रान देतो.

गाव खरोखर बसलं तर काय होतं, तेही खानदेशाने पाहिलं आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने एकत्र बसून नियम ठरवले आणि शेकडो हेक्टर जंगल राखलं. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. ओडिशात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियमगिरीच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेची दवंडी ऐकलीत किंवा नोटीस दिसली, तर तीन गोष्टी करा. विषयपत्रिका वाचा. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा. आणि ठराव लिहून, वाचून झाल्याशिवाय हजेरीची सही करून उठू नका.