थेंबाचे शिंतोडे आणि पुराव्याची निवड

भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या येथील तलावांवर आषाढाचा पाऊस पडू लागला, म्हणजे प्रत्येक थेंबापाशी पाणी क्षणभर उसळते आणि निवते. त्या क्षणात पाणी कोणकोणते आकार धारण करते, हे मात्र नुसत्या डोळ्यांनी कोणासही सांगता येत नाही. ते जाणण्याचा जो दीर्घ प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला, त्याचा इतिहास पुराव्याच्या निवडीविषयी बरेच काही शिकविणारा आहे.

प्रथम अडचणीचे स्वरूप पाहू. वीस सेंटिमीटर उंचीवरून पडलेला थेंब पृष्ठभागापाशी येतो, तेव्हा त्याचा वेग सेकंदास सुमारे दोन मीटर असतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात तो दोन मिलिमीटर सरकतो. म्हणजे तेवढ्या अवधीचे छायाचित्रही पुसटच येणार. कॅमेऱ्याची झडप याहून पुष्कळ जलद चालविणे कठीण होते. म्हणून झडपेचा नाद सोडून प्रकाशच क्षणिक करावयाचा, हा यावरील उपाय होय.

आर्थर मेसन वर्दिंग्टन (१८५२–१९१६) यांनी १८७५ च्या सुमारास हाच मार्ग धरला. अंधाऱ्या खोलीत दुधाचा किंवा पाऱ्याचा थेंब सोडावयाचा. त्याच क्षणी शेजारी एक लहान गोळाही सोडावयाचा. गोळा खाली आदळला, की विजेची ठिणगी पडे. गोळ्याच्या पतनाची उंची एक मिलिमीटरने वाढविली, तर ठिणगी सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकी उशिरा पडे. अशा रीतीने शिंतोड्याची एकेक अवस्था क्रमाने पाहता येई. परंतु प्रत्येक अवस्था निराळ्या थेंबाची असे. त्या सर्वांची मिळून एकच कथा जुळविताना, सर्व थेंब सारखेच वागतात, हे गृहीत धरणे भाग होते.

सुमारे वीस वर्षे वर्दिंग्टन ठिणगीच्या उजेडात दिसलेली आकृती ताबडतोब कागदावर रेखाटीत. त्यांच्या प्रसिद्ध झालेल्या आकृत्या विलक्षण सुडौल व सममित होत्या. पुढे १८९४ च्या सुमारास त्यांना छायाचित्रे घेण्यात यश आले. ठिणगीचा अवधी आता सेकंदाच्या दहालक्षांश भागांपैकी तीन भागांहूनही कमी होता. तेवढ्यात थेंब मिलिमीटरच्या सहा सहस्रांशांहून अधिक सरकत नाही. या चित्रांत मुकुटाच्या कडा वेड्यावाकड्या, टोके कमीअधिक उंचीची दिसली. वर्दिंग्टन यांनी जुन्या वह्या पुन्हा उघडल्या, तेव्हा तशा विषम आकृत्या तेथेही आढळल्या. त्यांनी स्वतःच त्या पूर्वी काढल्या होत्या. आणि तीच विषमता पुन्हा कधी दिसत नाही, म्हणून त्या बाजूला सारल्या होत्या. १८९७ मध्ये आर. एस. कोल यांच्यासह लिहिलेल्या निबंधात आणि १९०८ च्या ग्रंथात छायाचित्रांना प्राधान्य मिळाले.

येथे अप्रामाणिकपणा कोठेच नव्हता. नियम शोधणाऱ्यास अपवाद हा व्यत्यय वाटतो, एवढेच. तथापि छायाचित्र आले म्हणून निवड संपली, असेही नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९५७ मध्ये टिपलेला दुधाचा मुकुट जगप्रसिद्ध झाला, तो अनेक वर्षांच्या अनेक प्रयत्नांतून. शिवाय चित्राने आकार कळतो, कारण कळतेच असे नाही. कोरड्या गुळगुळीत पृष्ठावर पडणाऱ्या थेंबाभोवतालच्या हवेचा दाब पुरेसा कमी केला, तर शिंतोडे उडतच नाहीत, हे शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये दाखविले. तोवर द्रवाकडे सर्वांचे लक्ष होते. हवेकडे फारसे कोणाचे गेले नव्हते.

इतिहासाच्या अभ्यासकाची स्थिती वर्दिंग्टन यांच्याहून फारशी वेगळी नसते. अनेक गावांच्या, अनेक सालांच्या तुटक नोंदींवरून आपणही एकच क्रम जुळवितो, आणि न जुळणारी नोंद लेखनिकाची चूक ठरवून वगळतो. वगळणे काही वेळा अटळ असते. मात्र वगळलेली नोंद कारणासह वहीत राहू द्यावी. वर्दिंग्टन यांना आपली चूक उमगली, ती जुन्या वह्या त्यांनी फाडल्या नव्हत्या म्हणून.