झारचा हुकूम आणि भूर्जाचे तेल

भूर्जपत्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पोथी येते. त्याच जातीच्या झाडाला रशियात ‘बेर्योझा’ म्हणतात. हा शब्द आणि आपला ‘भूर्ज’ एकाच मुळातले आहेत. परंतु सालीवर कोणी काय लिहिले यापेक्षा ती कोणी सोलली, याचेच आम्हां चळवळीतल्या माणसाला कुतूहल अधिक.

वसंत सरता सरता, झाडात रस चढलेला असताना, रशियन शेतकरी ही साल सोलीत. तेव्हा ती सहज सुटते. ती मडक्यात ठासावयाची, ते मडके जमिनीत पुरलेल्या दुसऱ्या मडक्यावर पालथे घालावयाचे, सांधा मातीने लिंपावयाचा आणि वरून विस्तव करावयाचा. हवा न मिळाल्यामुळे साल पेटत नाही. तिचे तेल सुटून खाली ठिबकते. आपले वैद्य पातालयंत्राने बिब्ब्याचे तेल काढीत, तीच ही युक्ती. या काळ्या, उग्र वासाच्या तेलास रशियात ‘द्योगत’ म्हणतात. गाडीच्या आसाला वंगण तेच, बुटांना तेच. झाडाच्या सालीत कमावलेल्या कातड्याला ते मांसाकडच्या बाजूने चोळीत. त्यातील फिनॉल वर्गाच्या द्रव्यांमुळे कातड्याला बुरशी व कीड सहसा लागत नसे. हे ‘युफ्त’ कातडे पश्चिम युरोपात पुस्तकबांधणीसाठी मोठ्या मागणीने जाई.

१७१५ साली झार पहिला पीटर याने हुकूम काढला: द्योगत लावलेले कातडे पादत्राणांस निकामी आहे, ओल लागली की ते फिसकटते व पाणी आत शिरते, यापुढे समुद्री प्राण्यांची चरबी वापरावी. नवी रीत शिकण्यास मुदत दोन वर्षे. त्यानंतर जुनी रीत चालू ठेवील त्याची मालमत्ता जप्त आणि त्याला सक्तमजुरी. झारची तक्रार खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. ओल्या पायांनी सैन्य चालत नाही. पण भूर्ज रानात उभा होता, चरबी मात्र समुद्रकाठाहून विकत आणावयाची होती. तो भुर्दंड कोणी सोसावयाचा?

मग द्योगत संपला काय? १० डिसेंबर १७८६ रोजी, म्हणजे हुकमानंतर ७१ वर्षांनी, ‘मेट्टा कॅथरिना’ हे जहाज सेंट पीटर्सबर्गहून जिनोआकडे वाख व कातडी घेऊन जात असता प्लिमथजवळ वादळात बुडाले. १९७३ साली पाणबुड्यांना ते सापडले. गठ्ठे फोडले तेव्हा रेनडिअरची ती कातडी, याच तेलाने तयार केलेली, १८७ वर्षे चिखलात राहूनही पुष्कळशी शाबूत निघाली. पुढे त्यांचे बूट व पाकिटे झाली. हुकूम पादत्राणांच्या कातड्याविषयी होता आणि हा माल परदेशचा, हे खरे. तरीही निकामी ठरलेल्या तेलाची ही साक्ष दुर्लक्षिण्यासारखी नाही.

कातडी कामगारांत काम करताना आम्ही पाहिले आहे की, नवी रीत येते तेव्हा फळ्यावर नोटीस लागते. जुन्या हातांना कोणी विचारीत नाही. हुकूम झारच्या नावे जपला गेला, तेल काढणाऱ्याचे नाव मात्र कोणी लिहिले नाही. बाभळीची साल व हिरडा यांनी कातडे कमावणारी माणसे आपल्या मुलखात आजही आहेत. त्यांच्याकडे जाऊन बसावे, त्यांची रीत त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्याच नावाने लिहून घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.