कमान, धक्का आणि काटकसर

वेगाची मोटार म्हटली कीं बहुतेकांचें लक्ष आधीं तिच्या एंजिनाकडे जातें. अश्वशक्ति किती, ताशीं मैल किती, हे प्रश्न पहिल्यानें विचारले जातात. गाडीच्या पोटाखालीं, चाक आणि सांगाडा यांच्यामध्यें जी कमान असते, तिची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. परंतु शर्यतीच्या मोटारींचा इतिहास चाळून पाहिला तर असें दिसून येतें कीं, ज्यांच्यापाशीं मोठें एंजिन घेण्याइतका पैसा नव्हता, अशा माणसांनीं पुष्कळ वेळां या कमानीकडेच लक्ष दिलें, आणि श्रीमंतांच्या गाड्यांना वळणावर मागें टाकलें. या काटकसरी सुधारणेचा इतिहास आज मला सांगावयाचा आहे. त्याचा एक धागा आपल्या सोलापूर जिल्ह्यांतून जातो, हें ऐकून कांहीं श्रोत्यांस नवल वाटेल.

आपल्या बैलगाडीस कमान नसते. आंसावर साटी थेट बसविलेली असते, आणि चाकास लागलेला प्रत्येक धक्का गाडीवानाच्या मणक्यांपर्यंत पोंचतो. चाल पावलापावलाची असल्यामुळें तें खपून जातें. घोडा जोडून वेग वाढविला कीं मात्र तें असह्य होतें. लंडनचा गाड्या बांधणारा कारागीर ओबाडाया एलियट यानें १८०४ सालीं लंबवर्तुळाकार पाट्यांच्या कमानीचें पेटंट घेतलें, आणि घोडागाडीचें रूपच पालटलें. अवजड तुळया आणि सांखळ्या यांची गरज कमी झाली व गाडी हलकी झाली. आपल्याकडील टांगा याच वंशांतला. या कमानीमागील नियम रॉबर्ट हूक यानें १६७८ सालींच ग्रंथरूपानें मांडला होता: जितका भार, तितका ताण. भार दुप्पट केला तर कमान दुप्पट दबते. नियम इतका साधा आहे कीं, तो पडताळून पाहण्यास एक वजन आणि एक फूटपट्टी पुरे.

मात्र कमान ही सुखासाठींच असते, अशी जी समजूत आहे, ती अपुरी आहे. चाक खड्ड्यावरून उडालें कीं त्या क्षणापुरते त्या चाकाचा ब्रेक आणि सुकाणू निरुपयोगी होतात. रस्त्यास टेकलेल्या रबराच्या तळहाताएवढ्या भागावरच गाडीची आणि आंतील माणसांची सारी भिस्त असते. तो स्पर्श सुटूं न देणें हें कमानीचें खरें काम. कमान धक्का गिळते, परंतु लगेच तो परतहि करते, आणि गाडी झोंके घेऊं लागते. ते झोंके शमविण्यासाठीं शॉक अॅब्सॉर्बर हवा. कमान आणि शामक हीं दोन वेगळीं यंत्रें आहेत. त्यांची गल्लत झाली म्हणजे पैसा वायां जातो.

आतां सोलापूर जिल्ह्याकडे वळूं. आगगाडी सोलापुरास १८६० सालीं आली. पण बार्शीची बाजारपेठ त्या लोहमार्गापासून दूर राहिली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें बार्शी लाइट रेल्वेची योजना आंखली आणि १८९७ सालीं अडीच फुटी रुळांवरून बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी गाडी धांवूं लागली. पुढें हा मार्ग १९०६ सालीं पंढरपुरास, १९११ सालीं लातुरास आणि १९२७ सालीं मिरजेस जाऊन भिडला. कॅल्थ्रॉपपुढील पेंच असा होता कीं, जड रूळ घालण्याइतकें भांडवल नव्हतें, आणि हलक्या रुळांवर जड गाडी चालत नाहीं. त्यानें रूळ हलकेच ठेवले, वाराला तीस पौंड वजनाचे; आणि एंजिन असो कीं वाघीण, कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं नये, असें सर्व गाड्यांचें बांधकाम केलें. एंजिनाचें वजन कमी केलें नाहीं. तें अधिक चाकांवर वांटून दिलें. पैशाची उणीव भाराच्या वांटणीनें भरून काढण्याचें हें उदाहरण, आषाढी-कार्तिकीस पंढरीस जाणाऱ्या हजारों वारकऱ्यांच्या पायाखालून, म्हणा ना, गेलें.

या बार्शी लाइटवर काम करून एका तरुण सोलापूरकरानें आपल्या उद्योगाचा आरंभ केला. वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं सोलापुरांत झाला. रेल्वेतील एक माजी कारकून लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशीं भागी करून त्यांनीं येडशी ते तडवळे या सुमारें सात मैलांच्या टप्प्याचें कंत्राट घेतलें. पुढें आगबोटी, विमानें, साखर असे अनेक उद्योग त्यांनीं उभारले. १९४४ सालीं त्यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि १९४७ पासून मुंबईजवळ कुर्ल्याच्या कारखान्यांतून मोटारी बाहेर पडूं लागल्या. १९५१ मध्यें इटलीच्या फियाट कंपनीशीं संबंध जुळला, आणि १९५४ पासून ‘फियाट ११००’ येथें तयार होऊं लागली. वालचंद ८ एप्रिल १९५३ रोजीं वारले. त्यामुळें ती गाडी त्यांस पाहावयास मिळाली नाहीं.

ती गाडी खालून पाहण्यासारखी होती. पुढचीं दोन्ही चाकें एकमेकांपासून स्वतंत्र. प्रत्येक चाक वर-खालीं दोन भुजांवर तोललेलें, त्यास वेटोळ्यांची स्प्रिंग आणि नळीच्या आकाराचा तेलाचा शॉक अॅब्सॉर्बर. मागें मात्र अखंड आंस आणि पाट्यांच्या कमानी, म्हणजे टांग्याचाच थाट. एकाच गाडींत पुढें विसावें शतक आणि मागें एकोणिसावें, असा तो संसार होता. १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नांवानें ती घरोघरीं माहीत झाली. शतक पालटल्यावर तिचें उत्पादन थांबलें, आणि मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. मधल्या काळांत गांवोगांवच्या मिस्त्र्यांनीं स्वतंत्र चाकांची विद्या याच गाडीवर आत्मसात केली.

आपल्या शर्यतप्रेमी तरुणांसहि तीच गाडी उपयोगी पडली. टॅरिफ कमिशनच्या १९५३ सालच्या शिफारशीनंतर, येथें केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनीं गाशा गुंडाळला. आयात अत्यंत दुर्मिळ झाली. खरी स्पोर्ट्स कार राजेरजवाड्यांच्या तबेल्यांतच दिसे. तेव्हां मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकालीन विमानपट्टीवर शर्यती भरूं लागल्या, त्यांत फियाट, अम्बॅसडर, हेराल्ड अशा घरगुती गाड्याच सुधारून उतरविल्या जात. एंजिन वाढविण्यास परदेशी सुटे भाग लागत. कमान सुधारण्यास मात्र लोहाराचा भाता आणि जाणत्याचा विचार पुरत असे.

अशी अडचण केवळ आपलीच होती असें नाहीं. महायुद्धानें होरपळलेल्या इटलींत १९४६ सालीं चिझितालिया कंपनीनें डी-४६ ही छोटी शर्यतीची गाडी काढली. फियाटचाच दान्ते जियाकोसा तिचा रचनाकार. त्यानें एंजिन ‘फियाट ११००’ चें घेतलें आणि पुढच्या चाकांची जोडणी ‘फियाट ५००’ या लहानग्या गाडीवरून. नवें कांहीं ओतण्यास पैसा नव्हता. होतें तेंच हलक्या सांगाड्यावर नीट बसविलें.

इंग्लंडांत याचा आधार होती ऑस्टिन सेव्हन, १९२२ सालीं निघालेली गरिबांची मोटार. अॅलेक इसिगोनिस यानें जॉर्ज डाउसन या मित्रासमवेत १९३० नंतरच्या दशकांत तिच्या भागांवरून एक शर्यतीची गाडी स्वहस्तें बांधली, आणि तिच्या चाकांखालीं लोखंडी कमानींऐवजीं रबर वापरलें. हाच इसिगोनिस पुढें १९५९ सालीं रबरावर उभी असलेली ‘मिनी’ घेऊन जगापुढें आला. कॉलिन चॅपमन या तरुणानें १९४८ सालीं जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून पहिली ‘लोटस’ रचली, ती आपल्या भावी सासऱ्यांच्या घरामागील गॅरेजांत. १९५२ सालच्या सहाव्या लोटससाठीं त्यानें स्वस्त फोर्ड गाडीचा पुढचा अखंड आंस घेतला, मधोमध कापला, आणि दोन्ही तुकडे बिजागरीवर टांगले. एका करवतीच्या कामांत दोन्ही चाकें स्वतंत्र झालीं.

चॅपमनपासून घेण्यासारखा धडा करवतीचा नाहीं. त्या काळीं शर्यतीची गाडी म्हणजे ताठ, दगडासारख्या कमानी, असा समज रूढ होता. चॅपमननें सांगाडा ताठ केला आणि कमानी मऊ ठेवल्या. झोंके आंवरण्याचें काम शामकांकडे सोंपविलें. चाक रस्त्यास चिकटून राहिलें, आणि थोड्या अश्वशक्तीच्या गाड्या वळणांवर बलिष्ठ गाड्यांस भारी ठरल्या. अमेरिकेंत जनरल मोटर्समध्यें मॉरिस ऑली यानेंहि १९३२ च्या सुमारास अशाच साध्या रीतीनें शोध लावला होता. गाडीच्या पुढें-मागें हलवितां येणारीं वजनें लावून त्यानें माणसें बसवून पाहिलीं, आणि पुढच्या कमानी मागच्यांपेक्षां मऊ असाव्यात हा निष्कर्ष काढला. तोंवर रीत उलटी होती.

आज एखाद्या सोलापूरकर तरुणापाशीं जुनी वेगवान गाडी आहे आणि खिसा हलका आहे, तर या इतिहासावरून त्यानें काय घ्यावें? पहिली गोष्ट, क्रम. आधीं टायर आणि त्यांतील हवा; मग सांध्यांतील झिजलेले रबरी बुश; मग थकलेले शॉक अॅब्सॉर्बर; मग चाकांचें अलाइनमेंट. या चार गोष्टींनींच पुष्कळ गाड्या पूर्वपदावर येतात, आणि जो दोष कमानीचा वाटत होता तो ढिल्या सांध्यांचा निघतो. त्यानंतरहि वळणावर गाडी फार कलत असेल, तर दोन्ही चाकांस जोडणारी आडवी अँटीरोल दांडी थोडी जाड करावी. दोन्ही चाकें एकदम उचललीं तर ती दांडी विरोध करीत नाहीं, म्हणून सरळ रस्त्यावरील सुख फारसें बिघडत नाहीं. कमानीस हात लावावयाचा तो सर्वांत शेवटीं.

दुसरी गोष्ट, गणित. सारख्या जाडीच्या पांच पाट्यांत सहावा पूर्ण लांबीचा पाटा घातला तर ताठरपणा सुमारें पांचव्या हिश्शानें वाढतो. वेटोळ्यांच्या स्प्रिंगचे दहांपैकीं एक वेटोळें काढलें तर तो नवव्या हिश्शानें वाढतो. परंतु तारेची जाडी केवळ दहाव्या हिश्शानें वाढविली तर तो जवळजवळ दीडपट होतो. म्हणून ‘जरा जाड तार’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. आपल्या गाडीची कमान किती ताठ आहे हें पाहण्यास हूकचा नियम पुरे: मागल्या बाजूस मोजकें वजन ठेवावें आणि गाडी किती दबली तें फूटपट्टीनें मोजावें.

तिसरी गोष्ट, धोका. गाडी बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंग कापण्याची किंवा गॅसच्या ज्योतीनें तापवून बसविण्याची रीत कांहीं ठिकाणीं दिसते. तापविल्यानें पोलादाचें पाणी उतरतें, आणि तीच स्प्रिंग पुढें अवचित बसते किंवा तुटते. कापल्यानें चाकास वर-खालीं होण्यास जागा उरत नाहीं. पहिल्याच गतिरोधकावर आंस रबरी ठोकळ्यावर आदळतो, आणि वळणावर तसें झालें तर चाक रस्ता सोडतें. वांचविलेले पैसे तेथें प्राणाच्या मोलानें फेडावे लागतात. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वयें निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत फेरबदल करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं तें तत्त्व पुन्हां स्पष्ट केलें. झिजलेला भाग त्याच जातीच्या नव्या भागानें बदलणें ही दुरुस्ती होय; आंस कापणें हें शर्यतीच्या बंदिस्त मैदानावरचें काम होय.

कॅल्थ्रॉपनें भार वांटला, ऑलीनें वजनें हलवून पाहिलीं, चॅपमननें मऊ कमानीवर भरंवसा ठेवला. तिघांनींहि खर्च करण्यापूर्वीं भार कोठून कोठें जातो हें शोधून काढलें. कमी पैशांत गाडी सुधारूं इच्छिणाऱ्यानें पाना हातीं घेण्याआधीं गाडीखालीं आडवें होऊन तेवढें पाहावें. त्या पाहण्यास पैसे पडत नाहींत.